वाढलेलं जहाज

निवृत्त झाल्यावर माणसं पत्ते कुटतात, देवळात जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. आमच्या बाबांनी एक जहाज पाळलं. अठराव्या शतकातलं, सागवानी, तीन डोलकाठ्यांचं, मुंबईहून कापूस भरून चीनला जाणारं व्यापारी जहाज. आमच्या घराण्यातला कोणी एक पूर्वज त्यावर दुभाष्या होता, एवढाच काय तो आमचा आणि त्याचा संबंध. पण गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या जहाजाला जेवढी जागा होती तेवढी मला नव्हती. माझी कॉलेजची पुस्तकं खाटेखाली आणि भिंतभर नकाशा. त्या नकाशावर बाबा लाल पेन्सिलीने वाऱ्याचे बाण काढत, आणि मी अभ्यासाला बसले की नेमके तेव्हाच मलबारचा किनारा दुरुस्त करायला येत.

जहाजाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की आमच्या जातीतले लोक लगेच कोण कुणाचा कोण ते काढत बसतात.

बाबा जन्मभर गोदीतल्या एका कचेरीत कारकून होते. बोटी पाहिल्या त्या खिडकीतून. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचं म्हटलं तरी त्यांना मळमळायचं. पण त्या जहाजाच्या सफरी ते सांगायला लागले की स्वतः डेकवर उभे राहून आल्यासारखे सांगत. आधी मलबारच्या सफरी, मिरी आणि सुंठ आणायच्या. मग तांदूळ भरून मस्कत, बसरा, आणि येताना खजूर. आणि मग त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण, चीन. पाऊस सुरू व्हायच्या आत कापूस भरून बंदर सोडायचं, तो पश्चिमेचा वारा गाठायचा, नाहीतर सगळं वर्ष फुकट. परत यायचं ते थंडीत, साखर, रेशीम, कापूर आणि पेंढ्यात गुंडाळलेली चिनी मातीची भांडी घेऊन. मधल्या काळात घरच्यांना काहीही कळायचं नाही. माणूस जिवंत आहे की नाही हे जहाज बंदरात दिसल्यावरच कळायचं. हे वाक्य बाबा फार सहज बोलून जात, आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की आत्या ऐकतेय. मग ते एकदम कापराच्या भावाबद्दल बोलायला लागत.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मला आत्यानेच वाढवलं. तिचे यजमान लढाईच्या काळात मालवाहू बोटीवर स्टोअरकीपर होते. ती बोट गेली ती गेलीच. कंपनीने 'बेपत्ता' एवढंच कळवलं. बेपत्ता माणसाच्या बायकोने काय करायचं हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नव्हतं, म्हणून आत्याने स्वतःच ठरवलं. ती रोज सकाळी अंघोळ झाली की आरशासमोर उभी राहून रुपयाएवढं कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि तिचं कुंकू तसंच होतं.

चाळीतल्या बायका तोंडावर काही बोलत नसत. हळदीकुंकवाला बोलावत, पण बोलावताना एक श्वास घेत. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू तर एकदा सरळच म्हणाल्या होत्या, "ताई, एवढी वर्षं झाली. लोक विचारतात हो." तेव्हा आत्याने त्यांना जहाजाची गोष्ट सांगितली. आमच्या त्या दुभाष्याची बायकोही शेवटपर्यंत कुंकू लावून होती. नवरा परत आला नाही, पण गेल्याचंही कुणी सांगितलं नाही. जहाज काही बुडालं नव्हतं, ते वाढलं होतं. ते दूरच्या सफरीवर होतं. मग तिने का पुसावं, आणि मी तरी का पुसावं? काकूंनी विषय बदलून डाळीचा भाव काढला, आणि त्यांनी माघार घेणं ही आमच्या मजल्यावर मोठी गोष्ट होती.

तर हे 'वाढलं'. आत्याने ते तिच्या आजीच्या तोंडून ऐकलं होतं: चीनहून परत येताना जहाज वाढलं. बाबांनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्यांनी तिचं व्याकरण सुधारलं. "जहाज काय झाड आहे का गं ताई, आपोआप वाढायला? वाढवलं म्हण." आत्या वाती वळत राहिली. मग बाबांनी वाचनालयांतून शोध घेतला. त्या काळी जुनं जहाज गोदीत घेऊन, मध्ये कापून, लाकूड घालून लांब करत असत, असं त्यांना कुठेतरी सापडलं. पुढे त्याच नावाचं एक मोठं जहाज चीनला जात होतं, तेही सापडलं. बाबांचा आनंद गगनात मावेना. आपलं जहाज वाढवलं आणि ते पुढे कितीतरी सफरी करत राहिलं. एका क्रियापदाला त्यांनी 'व' जोडला आणि भिंतीवरच्या नकाशात लाल बाण दुप्पट झाले.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आधीच्या थंडीत गोळीबार झाला होता, आणि आमच्या शेजारच्या गल्लीतला एक मुलगा दूध आणायला गेला तो परत आला नव्हता. त्यानंतर आत्या मला एकटीला कोपऱ्यापर्यंतसुद्धा सोडायला तयार नसे. पोलिसांची गाडी उभी दिसली की गॅलरीतल्या बायका आपापली पोरं मोजायच्या. मुंबई कुणाची, यावर रोज वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येत. कोणी म्हणे ती पैशाने उभी केली, कोणी म्हणे घामाने. अशात लालबागच्या एका गणेशोत्सव मंडळाला बाबांच्या जहाजाचा सुगावा लागला. गिरणीत काम करणारा एक तरुण घरी आला, चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"काका, ह्या बंदरात कोणाचे हात राबले, ता आमच्या लोकांका एकदा सांगा. पेपरवाले काय वाट्टेल ता लिवतत."

बाबांनी आयुष्यात चारचौघांत कधी भाषण केलं नव्हतं. ते इतके घाबरले की लगेच हो म्हणाले.

मग घरात तालीम सुरू झाली. रोज संध्याकाळी मी श्रोता आणि आत्या श्रोता. पहिला अर्धा भाग जहाज वाढेपर्यंतचा, दुसरा अर्धा वाढल्यानंतरचा. बाबा मध्येच थांबून मला विचारत, "कुणी उलट विचारलं तर? त्या सभेला विरुद्ध बाजूचेही येतात. एक वाक्य खोटं निघालं ना, तर म्हणतील, यांच्या जहाजासारखाच यांचा मुंबईवरचा हक्क." मी म्हणायची, तुमच्या कापराच्या भावावर कोण भांडायला येतंय. पण मलाही धाकधूक होतीच. त्या दिवसांत साध्या बोलण्यालाही धार आली होती.

नारळी पौर्णिमेला आत्या आणि मी चौपाटीवर गेलो. ती दरवर्षी समुद्राला नारळ द्यायची, आणि कुणासाठी ते मी कधी विचारलं नाही. गर्दी मरणाची. परत फिरताना कुणाच्या तरी डब्याची कड आत्याच्या हातावर आदळली आणि एक हिरवी बांगडी तिच्या मनगटावरून निखळून वाळूत पडली. तिने वाकून दोन्ही तुकडे उचलले, पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाली, "वाढली गं एक. जाताना कासाराकडून घेऊ."

मी चार पावलं पुढे गेले आणि थांबले. बांगडी वाढली, मंगळसूत्र वाढलं, नारळ वाढवला. जन्मापासून मी हे ऐकत होते. फुटणं, तुटणं, संपणं ही अक्षरं सवाष्णीच्या तोंडी येऊ नयेत म्हणून आम्ही सगळं काही वाढवतच आलो होतो. आणि आमच्यापैकी एकालाही, बाबांना तर नाहीच नाही, हे सुचलं नव्हतं की जहाजसुद्धा तसंच वाढलं असेल.

"आत्या," मी म्हटलं, "आपलं जहाज वाढलं म्हणजे..."

ती समुद्राकडे बघत होती. "चल लवकर," ती म्हणाली. "गर्दी वाढतेय."

मला कळलं की तिला माहीत आहे. तिला पहिल्यापासून माहीत होतं. तो एक शब्द तिने आडोशासारखा धरला होता आणि बाबांनी आपल्या विद्वत्तेने त्याची भिंत बांधून दिली होती. ती भिंत आता मंडपात सगळ्यांसमोर उभी राहणार होती, आणि ती खोटी होती.

दुसऱ्या दिवशी आत्या भाजी आणायला खाली गेली तेव्हा मी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मला वाटलं ओरडतील. ते अगदी हळू म्हणाले, "मग ते दुसरं जहाज कुणाचं?"

"असेल कुणाचं तरी."

"ती वाढलंच म्हणाली होती. मी वाढवलं केलं."

नंतर मात्र त्यांना राग आला. कुणावर ते त्यांनाच ठरवता येईना. नकाशावर आला, माझ्यावर आला, अठराव्या शतकावर आला. आत्यावर तेवढा आला नाही. "तिला काही विचारू नकोस," ते म्हणाले. "खबरदार."

पण आता बोलायचं काय? जहाज वाढवलं आणि पुढे गेलं असं म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं बोलणं हे बाबांना रेवसच्या लाँचपेक्षा वाईट लागायचं. फुटलं म्हणावं तर समोर आत्या बसणार. आणि नुसती आत्या नाही, काकूही येणार होत्या, कारण त्यांचं माहेर लालबागचं. ज्या गोष्टीच्या आधाराने आत्याने इतकी वर्षं कुंकू राखलं, तिचा शेवट तिच्या सख्ख्या भावाने टेबलामागे उभं राहून जाहीर करायचा, आणि काकूंनी तो पहिल्या रांगेत बसून ऐकायचा. व्याख्यानानंतर लगेच गौरी. हळदीकुंकवाला मग तिला कोण बोलावणार, आणि बोलावलंच तर कुठल्या नजरेने? ह्या सगळ्या कुंकवाच्या कारभाराचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. नवरा गेला तर बाईच्या कपाळाचा काय गुन्हा? पण माझ्या संतापाने आत्याला काही उपयोग नव्हता. तिला त्याच चाळीत, त्याच बायकांत राहायचं होतं.

बाबांनी एक पळवाट काढून पाहिली. "ताई, ट्रॅमने एवढ्या लांब कशाला येतेस? दगडफेक वगैरे झाली तर? तू घरीच थांब."

"माझंच तर जहाज आहे," आत्या म्हणाली. "मी नाही येणार तर कोण येणार?"

त्यापुढे बाबांचं अन्न तुटलं. तालमी बंद झाल्या. आत्याने दोनदा विचारलं, आज सफर नाही का? बाबा म्हणाले, घसा बसलाय. ती त्यांना खडीसाखर द्यायची आणि ते ती निमूटपणे चघळत बसायचे. मी मनातल्या मनात वाट बघत होते की काहीतरी घडावं. कर्फ्यू लागावा, ट्रॅम बंद पडाव्यात, सभांना बंदी यावी. सगळी मुंबई ज्याची धास्ती घेऊन बसली होती त्याचीच मी आशा करत होते. काही घडलं नाही. गणपती आले, आरत्या झाल्या आणि व्याख्यानाचा दिवस उजाडायचा तसा उजाडला.

लालबागला पोचलो तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन गेला होता आणि माणसं पाळी संपवून हातपाय धुऊन मंडपात येत होती. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: मुंबईच्या एका जहाजाच्या सफरी. बायकांच्या बाजूला जाजमावर पहिल्या रांगेत आत्या बसली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. शेजारी काकू, पलीकडे मी. आत्याचं कुंकू त्या दिवशी मला नेहमीपेक्षा मोठं दिसत होतं. मला तिच्याकडे बघवेना आणि नजर हलवताही येईना.

बाबा सुरुवातीला अडखळले. मग मलबार आलं आणि त्यांना वारा मिळाला. सागवान कुठून यायचं, ते कोण कापायचं, शिडं शिवणारे कोण, सुकाणूवर कोण, दर्यात अडकलं की कुठला देव आठवायचे, हे त्यांनी असं सांगितलं की गिरणीतली माणसं माना डोलवायला लागली. त्यातल्या बऱ्याच जणांचे आजे-पणजे कोकणात होड्याच वल्हवत होते. मस्कतच्या खजुरावर बायका हसल्या. मग कापूस भरला, चीन आलं, रेशीम आलं, साखर आली. परतीचा वारा आला. बाबा थांबले. त्यांनी ग्लास उचलला, तो रिकामा होता, तो खाली ठेवला.

"चीनहून परत येताना," ते म्हणाले. समोर अजून अर्धे कागद पडले होते. ते त्यांनी पालथे घातले. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, की चीनहून परत येताना जहाज वाढलं."

आणि हात जोडून ते खुर्चीत बसले. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं आणि खरंही उघडं केलं नव्हतं. तिचाच शब्द त्यांनी तिला जसाच्या तसा परत दिला होता. टाळ्या पडायला लागल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. डोक्याला मुंडासं, आवाज खणखणीत. "मास्तर, वाढला म्हंजे कसा ओ? मोठा केला काय?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यात कसलाही डाव नव्हता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग ते नुसतेच आपल्या हातांकडे बघत राहिले. टाळ्या विरल्या. मंडपातले सगळे उत्तराची वाट बघत होते. काकूंनी मान वळवून आत्याकडे पाहिलं, आणि ते मी पाहिलं.

आत्या उठली. गुडघा धरून, हळूच.

"फुटलं हो," ती म्हणाली. "वादळात फुटलं. आमच्यात तसं बोलत नाहीत, म्हणून वाढलं म्हणायचं. माणसं गेली सगळी. कुणी परत आलं नाही."

"अरेरे," म्हातारा म्हणाला, जणू कालचीच गोष्ट. मग तो बसला, आणि आत्याही बसली. तिने पदर सारखा केला. सूत्रसंचालक पोराने आभार मानले, पुढच्या मोर्चाची वेळ सांगितली, घोषणा झाल्या. मला त्यातलं काही धड ऐकू आलं नाही.

ट्रॅममध्ये आम्ही चौघं एका बाकावर दाटीने बसलो होतो. भायखळ्याच्या पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, "ताई, मी उद्या त्यांना निरोप धाडतो. व्याख्यानात चूक झाली म्हणून. ते जहाज वाढवलंच होतं, मी नीट वाचलं नव्हतं, असं सांगतो."

"चुकला नाहीस रे तू," आत्या म्हणाली. "छान बोललास. खजुराचं तर फारच छान."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. उद्या त्या चाळीत काय सांगतील याची मला रस्ताभर भीती वाटत राहिली.

सकाळी मी उठले तेव्हा आत्याची अंघोळ झाली होती. ती दाराजवळ जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं. तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ होती, इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळे. बाबा खुर्चीत बसले होते, वर्तमानपत्र उघडून, एक पान न उलटता.

दारात काकू आल्या. हातात हळदीकुंकवाचा करंडा. गौरीचं बोलावणं करायला निघाल्या होत्या आणि सगळ्यात आधी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी आत्याचं कपाळ पाहिलं, आणि मला वाटलं आता त्या मागच्या मागे वळतील. मी उठून उभी राहिले, भांडायच्या तयारीनेच.

काकू चपला काढून आत आल्या आणि आत्यासमोर मांडी घालून बसल्या. करंड्याचं झाकण काढलं. "लावा हो ताई," त्या म्हणाल्या. "जहाजाचं काय, जुनी गोष्ट. आमच्याकडे चालतं. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा."

आत्याने त्यांचा हात धरून हळूच खाली ठेवला.

"तुमच्याकडे चालतं हो. मला माहितीये," ती म्हणाली. "पण मला आता त्यांच्यासाठी रडायचंय. कुंकू लावून कसं रडायचं? इतकी वर्षं रडताच आलं नाही."

आणि ती रडायला लागली. मी तिला कधीच रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी मला कळलंच नाही की तो आवाज तिचा आहे. काकूंनी करंडा बाजूला ठेवला, तांदळाचं सूप सरकवलं आणि तिला जवळ घेतलं.